मामाच्या घरी आलेले मूल : गाडगेबाबांच्या चरित्रांतील एक अर्धे वाचलेले प्रकरण

मराठीत दारूवर भरपूर लिहिले गेले आहे. दारू पिणाऱ्याच्या मुलांवर मात्र फारच थोडे. नाटकात, कथेत, कीर्तनाच्या उत्तररंगात पिणारा माणूस मध्यभागी उभा असतो. त्याच्या बाजूला सोसणारी बायको असते. मूल असलेच तर ते पाळण्यात असते, नाहीतर दाराआड. त्याने भुकेने रडावे, म्हणजे बाप किती बिघडला हे प्रेक्षकाला कळते. एवढेच त्याचे काम. ते मूल पुढे कुठे गेले, त्याला कोणी जेवू घातले, आईपासून तुटले की तिच्यासोबत राहिले, शाळेत गेले की गुरांमागे, हे प्रश्न आपल्या वाङ्मयाने क्वचितच विचारले.

या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या आयुष्यात सापडतात असा एक माणूस आमच्या वऱ्हाडातच होऊन गेला. त्याच्यावर चरित्रे आहेत, चित्रपट आहे, शाळेच्या पुस्तकांत धडे आहेत. देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट समाजात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. होते नव्हते ते त्यात गेले, शरीर गेले, आणि १८८४ च्या सुमारास ते वारले. देबू तेव्हा आठेक वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी माहेरी आली. तिथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरात देबू वाढला.

एवढी हकीकत आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण चरित्रकार तिच्याकडे उंबरठ्यासारखे पाहतात : ओलांडायचा आणि पुढे जायचे. या लेखात मला त्या उंबरठ्यावरच थोडे थांबायचे आहे. मी राहतो ते संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल आणि बाबांचे दापुरे, दोन्ही गावे पूर्णेच्या एकाच खोऱ्यातली. तीच काळी जमीन, तोच कापूस, तोच सावकार आणि तीच दारू. बाप पितो म्हणून आईचे बोट धरून मामाच्या गावी आलेली मुले इथल्या शाळांत आजही बसलेली असतात. म्हणून हे प्रकरण मला संतचरित्राची प्रस्तावना वाटत नाही. एका मुलाचे काय झाले, आणि ते तसेच का झाले, याची ती नोंद आहे.

दोष कोणाचा?

गाडगेबाबांच्या चरित्रांत प्रबोधनकार ठाकरे यांचे ‘श्री संत गाडगेबाबा’ हे १९५२ सालचे पुस्तक अग्रभागी आहे. बाबा हयात असताना, त्यांचे मोठेपण डोळ्यांनी पाहून ते लिहिले गेले. परतवाड्याला जन्मलेले आणि तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेले गो. नी. दांडेकर यांनीही त्यांचे चरित्र लिहिले. दोघांचाही ओढा पुढच्या गाडगेबाबांकडे आहे, आणि ते स्वाभाविक आहे. खराटा घेतलेला माणूस इतका मोठा आहे की त्याच्यामागचे आठ वर्षांचे पोर दिसतच नाही.

झिंगराजींच्या व्यसनाचे मूळ प्रबोधनकार कुलाचारात शोधतात : देवाला बोकड, बोकडासोबत दारू, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. हे निदान चुकीचे नाही. घरातली पहिली दारू देवाच्या नावाने आली की तिला नाही म्हणणारा माणूस देवालाच नाही म्हणतो, आणि अख्खी जात त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहते. हा पेच प्रबोधनकारांच्या सुधारकी लेखणीने अचूक पकडला. पण त्या लेखणीचा रोख भिक्षुकशाही आणि देवभोळेपणा यांवर होता. म्हणून त्याच दारूचा दुसरा मालक तिच्या टप्प्यात आला नाही. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. दारूचे मक्ते दिले जात आणि आबकारीचा पैसा सरकारी तिजोरीत जमा होई. दारूची दुकाने वाढतात त्यात सरकारचा हात असतो, हे त्या काळात कोणाला दिसत नव्हते असेही नाही. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांना विरोध केला होता. त्यानंतर चारेक वर्षांनी झिंगराजी वारले. परंपरेने प्याला हातात दिला, पण तो भरण्याची सोय दुसऱ्याच कोणी केली होती. चरित्रात पहिल्याचे नाव आहे, दुसऱ्याचे नाही.

मरणापूर्वी झिंगराजींना पश्चात्ताप झाला, असे चरित्रपरंपरा सांगते. झालाही असेल. पण हा प्रसंग ज्या घाटाने सांगितला जातो तो कीर्तनातल्या आख्यानाचा घाट आहे. मरणारा बाप उपदेश करतो, मुलगा तो जन्मभर पाळतो, आणि हिशेब चुकता होतो. वाचकालाही बरे वाटते. दारू पिणाऱ्याच्या घरातले मूल मात्र असे एका वाक्यावर जगत नाही. ते रोज संध्याकाळी पावलांचा आवाज ऐकत असते. आज बाप कसा येईल, ताट वाढायचे की लपायचे, आईच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहायचे की धाकट्याला घेऊन शेजारी जायचे, हे त्याला ठरवावे लागते. देबूच्या त्या आठ वर्षांबद्दल चरित्रे गप्प आहेत. बापाचे शेवटचे शब्द आपल्याला मिळतात. मुलाने काय पाहिले ते मिळत नाही.

सिंधू राहिली, सखूबाई निघाली

हे मौन नीट कळायचे तर मराठीतल्या दुसऱ्या एका घराकडे पाहावे लागते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. या नाटकाला दारूबंदीचे नाटक म्हणून वाचण्याची आपली सवय आहे. मला ते माहेर नाकारण्याचे नाटकही वाटते.

सिंधूचे माहेर सधन आहे. भाऊ पद्माकर आहे, रामलालसारखा हितचिंतक आहे. मदत तिच्या दारापर्यंत येते आणि परत जाते. पतीचा शब्द राखायचा म्हणून ती दळण दळते, उपाशी राहते, पण घर सोडत नाही. शेवटी नशेतल्या बापाच्या हातून बाळ मरते, आणि मरणाऱ्या सिंधूच्या तोंडी पोलिसासमोर नवऱ्याला वाचवणारे खोटे येते. शंभर वर्षे आपण या जबानीवर रडत आलो. त्या रडण्यात बाळाचा वाटा किती? नाटक सिंधूच्या पातिव्रत्याची कसोटी पाहते आणि ती उतरते. पण त्या कसोटीची किंमत ज्याने दिली त्याला बोलताही येत नव्हते. घर सोडण्याची वाट उघडी असताना आई राहिली, हे नाटकात तिचे तेज ठरते. बाळाच्या बाजूने पाहिले तर हेच वाक्य वेगळे ऐकू येते.

यात सिंधूला दोष देण्याचा हेतू नाही. तिला राहायला शिकवणारा समाज प्रेक्षागृहात बसलेला होता, आणि ‘दिल्या घरी’ राहण्याचा सल्ला आजही बंद झालेला नाही. सखूबाईही नवरा जिवंत असेपर्यंत नांदली. वैधव्याने तिला वाट मोकळी करून दिली. हा फरक विसरता येत नाही. एक आई नवऱ्याच्या जिवंतपणी माहेरी जाऊ शकली नाही, दुसरी त्याच्या मरणानंतरच गेली. दोन्ही गोष्टींचे तात्पर्य एकच निघते : पिणारा जिवंत असताना त्याच्या मुलांनी सुरक्षित कुठे राहायचे, याचे उत्तर आपल्या परंपरेजवळ नव्हते.

गडकऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती, तिचे श्रेय त्यांना द्यायला हवे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. काम मागायला जातो. दारोदार अपमान होतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सुटलेल्या माणसाला उभे राहायला जागा दिली नाही, तर घर पुन्हा जुळत नाही, हे मराठी रंगभूमीने १९१९ मध्येच सांगून ठेवले आहे. आपण मात्र लक्षात ठेवला तो पहिला प्याला. परतीच्या वाटेवर मिटलेली दारे विसरलो.

मामाच्या घराची किंमत

आता दापुऱ्याला येऊ. चरित्रांत देबूचे मामाघरचे दिवस गोड रंगवलेले असतात : गुरे राखणे, ती धुणे, पुरात पोहणे, शेतात सगळ्यांच्या आधी उतरणे, रात्री भजनात रमणे. यातून पुढचा कष्टाळू, स्वच्छतेचा भोक्ता महापुरुष कसा घडला हे दाखवले जाते. हे वर्णन खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण हेच वर्णन दुसऱ्या बाजूनेही वाचावे. विधवा बहीण आणि तिचे मूल माहेरी आले की त्या मुलाला आपली भाकर कमवावी लागते. कोणी बोलून दाखवत नाही, त्यालाच कळते. देबू शाळेत गेला नाही, गुरांमागे गेला. जन्मभर निरक्षर राहिलेल्या या माणसाने पुढे आपल्या कीर्तनांत आईबापांना हात जोडून सांगितले की भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. या विनवणीला बुद्धिवादी समाजसुधारणेचे कलम म्हणून वाचले जाते. मामाकडे आलेल्या मुलाला जे मिळाले नाही त्याची ती नोंद आहे, असेही ते वाचता येते.

तरीही दापुऱ्याच्या घराने फार मोठे काम केले, ते म्हणजे आई आणि मूल यांची ताटातूट केली नाही. सखूबाईला ठेवून देबूला कुठे धाडले नाही, की देबूला ठेवून तिला कुठे पाठवले नाही. व्यसनाने मोडलेल्या घरातल्या मुलाला ओळखीची भाषा, ओळखीची माणसे आणि पालकांपैकी निदान एक जण सोबत मिळाला, तर ते सावरण्याची शक्यता वाढते. आजचे बालसंरक्षणाचे काम याच समजुतीवर उभे आहे. दापुऱ्याच्या त्या शेतकरी घराने हे कोणत्या शास्त्रावाचून केले.

पण हे घरही टिकले नाही. चंद्रभान मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली, आणि त्या धसक्याने मामा गेले. तरण्या देबूने सावकाराला तोंड दिले, हा प्रसंग चरित्रकार रंगवून सांगतात. त्यात नायक घडताना दिसतो. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. ज्या घराने दुसऱ्याचे मोडलेले घर सावरले, त्याला सावरणारे कोणी नव्हते. नातेवाइकांनी मूल सांभाळावे ही आपली रीत थोर आहे, पण ती नातेवाइकांच्या शेतीवर उभी आहे. शेती गेली की रीत जाते. वऱ्हाडातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुलाने स्वतः काय केले

देबूचे लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण हवे होते. देबूने ते नाकारले आणि गोडाचे जेवण घातले. चरित्रांत ही बंडाची पहिली ठिणगी आहे. खरे तर ही एका बापाची कृती आहे. आपल्या बापाकडून आपल्याकडे जे आले, ते आपल्याकडून मुलीकडे जाऊ द्यायचे नाही, असे त्याने पाळण्यापाशीच ठरवले. दारूड्या बापाच्या मुलांबद्दल एक शाप गृहीत धरला जातो : बाप तसा बेटा. बारशाच्या त्या पंगतीत देबूने तो शाप मोडला. आणि त्यासाठी त्याने उपदेश केला नाही, पानात वेगळा पदार्थ वाढला. रिवाज मोडायचा तर लोकांना उपाशी उठवून चालत नाही, हे त्याला तेव्हाच कळलेले दिसते.

पण याच जागी समीक्षकाने प्रामाणिक राहायला हवे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूने घर सोडले. मागे म्हातारी आई, बायको आणि मुले राहिली. दारूने एका पिढीचा बाप नेला होता. लोकसेवेने पुढच्या पिढीचा बाप नेला. दोन्हींची नैतिक किंमत एक नाही हे उघड आहे. पण घरी थांबलेल्या मुलांच्या बाजूने पाहिले तर दाराकडे लागलेले डोळे तेच. संतचरित्राचा साचा गृहत्यागाला शिखर मानतो, म्हणून कुंताबाई आणि मुले तिथून पुढे कडेला जातात. मुलांच्या बाजूने चरित्र वाचायचे ठरवले, तर हा भागही त्याच नजरेने वाचावा लागेल. बाबांचे मोठेपण त्याने कमी होत नाही. कुंताबाईंचे मात्र दिसू लागते.

गाडगेबाबांच्या नावाने सांगितली जाणारी दशसूत्री या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. धर्मशाळांच्या आणि आश्रमशाळांच्या भिंतींवर ती रंगवलेली दिसते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावरांना अभय, गरिबांच्या मुलामुलींची लग्ने आणि निराश माणसाला हिंमत. कीर्तनात दारूवर एवढे आसूड ओढणाऱ्या माणसाच्या या दहा कलमांत दारूचे नाव नाही. मुक्या जनावरांचे एक कलम बाजूला ठेवून बाकीची नऊ एका ओळीत लावून पाहा. दारू प्यालेल्या घरात जे जे संपते, त्याचीच ही यादी आहे : आधी अन्न, मग कपडा, मग शाळा, मग छप्पर, औषध, काम, मुलीचे लग्न, आणि शेवटी हिंमत. व्यसन सोडा हे सांगण्याइतकेच, व्यसनाने रिकामी केलेली घरे पुन्हा भरा हे त्यांनी सांगितले. बाबांच्या विचाराला सुट्या परोपकारांची यादी समजणाऱ्यांनी हा धागा पाहावा असे मला वाटते.

आजचे दापुरे

हा विषय इतिहासात जमा झालेला नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. ही पिणाऱ्यांची संख्या झाली. त्यांच्या घरांतली मुले या आकड्याच्या पोटात आहेत, पण आकड्यात नाहीत. विदर्भाने दारूबंदीचे मोठे प्रयोग पाहिले : वर्धा १९७५, गडचिरोली १९९३, चंद्रपूर २०१५ आणि तिथली २०२१ मधली माघार. या लढ्यांत बायका पुढे होत्या, त्यांच्या पाठीमागे मुले होती. पण चर्चा दुकानाची झाली, महसुलाची झाली, चोरट्या दारूची झाली. दुकान बंद झालेल्या किंवा न झालेल्या गावात त्या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न वादात उतरलाच नाही.

कायद्याने तो विचारला आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो की ज्याचे पालक सांभाळ करण्यास अयोग्य किंवा असमर्थ ठरले आहेत, ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल आहे. त्याच्याबाबत निर्णय बालकल्याण समितीने घ्यायचा. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, आणि मुलाला कुटुंबात परत नेणे हे मुख्य उद्दिष्ट. हेच दापुऱ्याने केले होते, आता ते कलमांत आले. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जी आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते, कौटुंबिक संकटातल्या मुलाला संस्थेऐवजी कुटुंबातच वाढवता यावे म्हणून दरमहा २,२५० रुपये देते. चंद्रभान मामाच्या घराला जे मिळाले नाही त्याचा हा पहिला, लहानसा हप्ता समजायला हरकत नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे आजच्या देबूला गुरांमागे जाण्याची सक्ती निदान कागदावर तरी उरलेली नाही. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. या चार गोष्टी गावातल्या किती मामांना माहीत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारून पाहावे.

आणि बापाचे काय? झिंगराजींसाठी त्या काळात उपचार नव्हता. होती ती निंदा, नाहीतर शपथ. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे, आणि तो फक्त पिणाऱ्याचा नसून अख्ख्या घराचा आहे, ही दृष्टी त्या कामाने मराठी समाजात रुजवली. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट झाला. अवचटांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’ने मराठी गद्यालाही एक नवे वळण दिले. दारूड्याची गोष्ट पहिल्यांदाच त्याच्या मरणावर न संपता त्याच्या घरी परतण्यापर्यंत गेली. सुधाकराला जी दारे मिटलेली मिळाली ती कशी उघडायची, याचा शोध त्या लेखनात आहे. पण घरी परतणारा बाप आणि त्याच्यावरचा विश्वास हरवलेले मूल यांची गोष्ट मराठीत अजून लिहायचीच आहे. दारू सुटल्याचा दिवस बाप मोजतो. मूल मोजत नाही. ते कित्येक महिने पावलांचा आवाजच ऐकत राहते. घर जुळवायचे म्हणजे घाईने एका छपराखाली कोंबायचे नव्हे. तो आवाज ऐकून मुलाच्या पोटात गोळा येणे थांबेपर्यंत आईला, मामाला, शाळेला सोबत ठेवायचे.

गाडगेबाबांच्या पुढच्या चरित्रकाराकडून म्हणूनच माझ्या तीन मागण्या आहेत. झिंगराजींच्या व्यसनात देवासोबत आबकारीही लिहावी. सखूबाईच्या माहेरी जाण्याला एका ओळीऐवजी एक प्रकरण द्यावे. आणि चंद्रभान मामाला सावकाराने बुडवलेला गरीब शेतकरी एवढ्यावर न सोडता, त्याने जे केले त्याचे श्रेय द्यावे. देबूला मामाकडे ठेवायला कोणाची सही लागली नव्हती, आणि मामाच्या मदतीलाही कोणी आले नव्हते. आज सही लागते. ती करणाऱ्यांनी मुलाच्या कागदासोबत मामाचा सातबाराही पाहावा.